रजा की राजीनामा?

शाबानचा महिना संपत आला होता. असरची नमाज आटोपून आम्ही ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. दारातून सलाम ऐकू आला. मान वर केली तर आमची एक जुनी विद्यार्थिनी उभी. नकाबाआडून थकलेले डोळे तेवढे दिसत होते. सातवा महिना लागलेला. आम्ही घाईने उठून तिला खुर्ची दिली, पाणी दिले.

ही मुलगी दहावीपर्यंत आमच्या वर्गात होती. पुढे कॉलेजचे एक वर्ष झाले, मग निकाह. आता दोन वर्षे ती वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जाते. नोकरी ठेकेदाराकडून. सकाळी शरणापूर फाट्यावर कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी तिथेच उतरायचे. नवरा वेरूळच्या रस्त्यावर पर्यटकांची गाडी चालवतो. हंगामात बरे चालते, उन्हाळ्यात गाडी झाडाखाली उभी राहते. घरखर्च बारा महिने चालतो तो हिच्या पगारावर.

"बाजी, दोन गोष्टी विचारायच्या होत्या," ती म्हणाली.

पहिली गोष्ट रोजांची होती. डॉक्टरांनी रक्त कमी आहे असे सांगितले होते, आणि रोजे सोडायला मन तयार नव्हते. आम्ही तिला उलेमांकडून ऐकलेले तेच सांगितले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला जिवाची किंवा बाळाची भीती असेल तर शरीयतने रुखसत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात. तिला ते पटले. तिच्या सासूबाईंनीही तेच सांगितले होते.

दुसरी गोष्ट विचारण्याआधी तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. ठेकेदाराच्या मुनीमने तो टाईप करून दिला होता. घरगुती कारणास्तव आपण स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहोत, अशा अर्थाचा मजकूर. खाली तिचे नाव, वर तारखेची जागा कोरी, सहीची जागा कोरी.

"तो म्हणाला, सगळ्याच बायका देतात. बाळ मोठं झालं की ये, बघू. बाजी, सही करू का?"

त्या 'बघू' शब्दाशी आमची जुनी ओळख आहे.

2004 सालची गोष्ट. बीएड होऊन आम्ही एका विनाअनुदानित शाळेत नुकतेच लागलो होतो. शाळेचे नाव लिहीत नाही. आठवा महिना सुरू झाल्यावर आम्ही सुटीचे विचारायला ऑफिसात गेलो. विचारायला गेलो म्हणजे काय, दाराशी उभे राहून ओढणी सावरत राहिलो. त्या खोलीत चार पुरुष बसलेले. पोटाकडे कोणी पाहू नये एवढीच आमची धडपड. क्लार्कने आमची अडचण ओळखली आणि स्वतःच कोरा कागद पुढे केला. "मॅडम, राजीनामा लिहून द्या, नंतर बघू." आम्ही लिहून दिला. अक्षर आमचे चांगले. एकही खाडाखोड झाली नाही. चार महिन्यांनी बाळ आईकडे ठेवून शाळेत गेलो तेव्हा आमच्या वर्गावर दुसरी शिक्षिका होती. तिची काही चूक नव्हती. कागदावर आम्ही आपल्या खुशीने गेलो होतो.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियम 1981 पासून आहेत. त्यांतल्या रजांमध्ये प्रसूती रजाही आहे. ते पुस्तक त्याच ऑफिसच्या कपाटात असणार. आम्ही ते पाहायला मागितले नाही, कोणी दाखवलेही नाही. नंतर दुसऱ्या, अनुदानित शाळेत नव्याने सुरुवात केली. तोवर दोन वर्षे गेली होती. सेवाज्येष्ठतेच्या यादीत ती दोन वर्षे आजही आमच्या मागे लागलेली आहेत. दुसऱ्या बाळाच्या वेळी, 2011 मध्ये, आम्ही साधा अर्ज दिला आणि पूर्ण पगारी 180 दिवसांची रजा मिळाली. राज्य सरकारने 2009 मध्ये ही रजा 90 दिवसांवरून 180 दिवसांवर नेली होती. दोन बाळंतपणे, शरीर तेच, त्रास तोच. फरक दोन कागदांचा होता.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांची मुळे पाहण्याची खोड आहे. 'रजा' मूळचा अरबी. उर्दूत रजा म्हणजे मर्जी, संमती. आपण अल्लाहची रजा म्हणतो तीच. मराठीत येऊन तिचा अर्थ सुटी झाला, कारण सुटी देणे वरच्याच्या मर्जीवर होते. 'राजीनामा'ही त्याच मुळाचा. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. आपण कबूल असल्याचा लेख. प्रसूतीची रजा मात्र नावापुरती रजा आहे. तिथे मालकाची मर्जी चालत नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि राजीनामा खरा तेव्हाच, जेव्हा देणारी खरोखर राजी असेल. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच विचारले, "बेटा, तू राजी आहेस का?" ती म्हणाली, "नाही बाजी. मला काम हवंय."

मग आम्ही तिची पगाराची स्लिप पाहायला मागितली. मोबाइलमध्ये होती. पगार 14,000, आणि त्यातून ईएसआयचे 105 रुपये कापलेले. ती म्हणाली, "हे दवाखान्याचे असतात ना?" दवाखान्याचे असतातच, पण तेवढेच नाहीत. इथेच पुष्कळ बायकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कर्मचारी राज्य विमा योजना, जिला सगळे ईएसआय म्हणतात, तिचा मूळ कायदा 1948 चा होता. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक वर सव्वातीन टक्के भरतो. या पैशांतून औषधपाणी होते, तसेच बाळंतपणाचे वेतनही मिळते. मागच्या दोन वर्गणी कालावधींत, म्हणजे सुमारे वर्षभरात, किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली असली की 26 आठवड्यांपर्यंत सरासरी रोजाइतकी रक्कम ईएसआय महामंडळ देते. ठेकेदाराच्या खिशातून एक पैसा जात नाही! तरी तो राजीनामा मागतो, कारण बदली बाई शोधण्याची आणि जागा राखून ठेवण्याची कटकट त्याला नको असते. आणि ठेकेदाराने पगारातून कापून वर्गणी भरलीच नसेल, तर त्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. ठेकेदाराचा माणूस म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

जिथे ईएसआय नाही, तिथे प्रसूती लाभाचा 1961 चा कायदा होता. आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण मुख्य आकडे तेच आहेत. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला, आस्थापनेला तो लागू होतो. बाळंतपणाच्या अंदाजे तारखेआधीच्या बारा महिन्यांत स्त्रीने 80 दिवस काम केलेले असले पाहिजे. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात, उरलेले नंतर. आधी कमी घेतले तर नंतरचे वाढतात. दोन मुले हयात असताना पुढचे बाळंतपण असेल तर 12 आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजार उद्भवला तर आणखी एक महिना. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तिला कामावर ठेवणेच बेकायदा आहे. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्या, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय. रजेच्या काळात कामावरून काढणे, तशी नोटीस देणे किंवा सेवाशर्ती तिच्या नुकसानीच्या होतील अशा बदलणे, यालाही मनाई आहे.

हे सारे आपोआप आलेले नाही. 1928 च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकालाही मिळतो म्हणून काही भार त्यानेही सोसावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये तो कायदा झाला. आमचे दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणून मुंबई इलाख्याचा तो कायदा इथल्या बायकांपर्यंत आला नाही. आता हद्द राहिलेली नाही. तरी कायदा वाळूजपर्यंत पोहोचतो आणि आमच्या वस्तीत शिरताना अडखळतो, तो का, याचा विचार आपणच करायला हवा.

एक कारण शरम. आमचीच गोष्ट वर सांगितली. दुसरे कारण हक्क माफ करून टाकण्याची सवय. मेहर हा बायकोचा हक्क. निकाहनाम्यात लिहिलेला, साक्षीदारांसमोर कबूल केलेला. तरी किती घरांत तो नवऱ्याच्या आजारपणात नाहीतर जनाजा उठण्याच्या वेळी चार बायकांच्या आग्रहाने 'माफ' करून घेतला जातो! माफ करणारीला खरोखर माफ करायचे आहे का, हे कोणी विचारत नाही. ठेकेदाराचा टाईप केलेला कागद आम्हाला त्याच जातीचा वाटला. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करावी, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात नेहमी ऐकतो. ती मजुरी बाईचीही असते, आणि कायद्याने तिच्यासाठी ठरवून दिलेले वेतनही त्यातच येते, इथपर्यंत आपले लक्ष जात नाही.

तिसरे कारण घरातले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. सासूबाईंनी चहा ठेवला आणि स्पष्टच म्हणाल्या, "बाजी, आम्ही शेतात कापूस वेचता वेचता बाळंत झालो. आम्हाला कोणी पगार दिला? सुनेने घरी बसावं, बाळ सांभाळावं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दमलेपण होते. आम्ही म्हणालो, "खाला, तुम्हाला मिळाला नाही हे चुकीचंच झालं. पण म्हणून हिनेही सोडावा का?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "सहा महिने घरी बसून पगार मिळेल?" आम्ही हो म्हणालो. "आणि ते पैसे हलालचे?" आम्ही सांगितले, दर महिन्याला हिच्याच पगारातून वर्गणी गेली आहे, हा तिचा हक्क आहे. त्या उठल्या आणि मुलाला हाक मारून म्हणाल्या, "तो कागद दे याचा परत."

नवऱ्याची भीती वेगळी होती. नाव खराब झाले तर पुढे वाळूजमध्ये कोणी कामावर घेणार नाही. ही भीती खोटी नाही, आम्ही तसे म्हणालोही नाही. पण राजीनामा दिला तर काम आजच गेले; अर्ज दिला तर निदान कागद हातात राहतो. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अर्ज मराठीत लिहू की इंग्रजीत?"

आमच्या गावापासून जवळच कागजीपुरा आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीरही त्याच्याबरोबर आले, असे तिथली मंडळी सांगतात. हाताने कागद करण्याची कला तिथल्या मुस्लिम घरांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. अशा कागदवाल्यांचे शेजारी असून कागद समोर आला की आपली माणसे बिचकतात. एकतर न वाचता सही करतात, नाहीतर लिहायचेच टाळतात.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून अर्ज लिहिला. अर्धे पानही भरले नाही. विषय: प्रसूती रजेबाबत. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची अंदाजे तारीख. रजा कोणत्या तारखेपासून हवी ती तारीख. रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, हे एक वाक्य. ईएसआयचा नंबर. सोबत डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत. राजीनामा देत नसून रजेनंतर कामावर हजर होणार आहे, हे वाक्य तिने स्वतः घातले. दोन प्रती केल्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

लिहिताना आम्हाला एक गोष्ट टोचली. अर्ज लिहायला हिला आम्हीच शिकवले होते. उर्दूच्या तासाला 'रुखसत की दरख्वास्त', मराठीच्या तासाला 'रजेचा अर्ज'. ताप आल्यामुळे दोन दिवस शाळेत येऊ शकत नाही, बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस सुटी मिळावी. पाचपैकी पाच गुणही दिले असतील. ज्या अर्जाची तिला आयुष्यात सर्वांत जास्त गरज पडणार होती, तो मात्र कधी फळ्यावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीमने अर्ज वाचला आणि पोच द्यायला नकार दिला. ती घाबरून फोनवर रडली. आम्ही सांगितले, रडू नको, पोस्टात जा. नवऱ्याने तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह दोन पत्त्यांवर पाठवला. एक ठेकेदाराला, एक मूळ कंपनीला. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन वर्गणीचा हिशेब पाहिला. दिवस पुरेसे भरत होते. तिथल्या क्लार्कने दाखला कसा आणायचा ते नीट समजावून सांगितले, हेही नोंदवायला हवे. गरज पडली तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार करायचे ठरले होते, पण अजून ती वेळ आलेली नाही. चार दिवसांनी ठेकेदाराचाच फोन आला. कंपनीला पत्र पाठवायची काय गरज होती, असे तो म्हणाला, आणि रजा नोंदवल्याचे सांगितले.

ठेकेदाराकडे आहोत, रोजंदारीवर आहोत, आम्हाला कुठला कायदा, असे म्हणणाऱ्या भगिनींसाठी तीन निकाल सांगतो. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर स्त्रियांना प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगितले. दिल्लीतल्याच एका कंत्राटी डॉक्टरबाईंच्या खटल्यात ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाने म्हटले की कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागेल. आणि मे 2025 मध्ये तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेला न्याय मिळाला. पहिल्या लग्नाची दोन मुले होती, ते लग्न मोडले, दुसरे लग्न झाले, आणि त्या लग्नातल्या बाळासाठी रजा नाकारली गेली होती. न्यायालयाने ती नाकारणे चूक ठरवले. दुसरा निकाह करणाऱ्या आपल्या किती भगिनींना या निकालाचा आधार आहे!

ज्यांना मालकच नाही, किल्ल्याच्या रस्त्यावर टोपल्या मांडून सीताफळे, पेरू विकणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या, त्यांच्यासाठी हे 26 आठवडे नाहीत. ही कायद्याची मोठी उणीव आहे. त्यांच्यातल्या पात्र स्त्रियांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे वेळेत नाव नोंदवले नाही तर तीही हातची जाते.

हे लिहीत असताना आमच्या विद्यार्थिनीची रजा सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. रमजान चालू आहे. ती रोजे ठेवत नाही, सासूबाई इफ्तारच्या आधी तिला खजूर आणि दूध देतात. रजा संपल्यावर तिची जागा तिला मिळेल का, हे आम्हाला आज सांगता येत नाही. ठेकेदार त्याच्या सवयी एका पत्राने सोडणार नाही. पण तिच्या कपाटात अर्जाची प्रत, पोस्टाची पावती, पगाराच्या स्लिपा आणि डॉक्टरांचा दाखला एका पिशवीत आहेत. 2004 मध्ये आमच्या कपाटात काहीच नव्हते.

ईदनंतर आम्ही नववीच्या वर्गात अर्जलेखन घेणार आहोत. तापाचा अर्ज असेलच. त्याच्या खाली दुसरा विषय फळ्यावर लिहायचे ठरवले आहे: प्रसूती रजेबाबत. मुली लाजतील, हसतील. आम्हीही त्या ऑफिसच्या दाराशी लाजलोच होतो.